ओहोटीचा पाव तास

त्या साली मीठ धरायच्या ऐन दिवसांत पाऊस पडून गेला. पडला म्हणजे काय, दीडच दिवस. पण मिठाला दीड दिवस पुष्कळ होतो. महिनाभर तुडवून, ढवळून, उन्हात आटवून जे पाणी माणसांनी घट्ट केलं होतं ते पुन्हा पहिल्यासारखं पातळ झालं, आणि कुंड्यांच्या, म्हणजे मीठ पिकवायच्या उथळ खाचरांच्या, तळाशी बसलेलं पांढरं कुठे गेलं ते कुंडीलाही कळलं नाही. बाहेरचा मोठा बांध दोन ठिकाणी खचला. ट्रक यायचे ते त्याच बांधावरून, ते बंद झाले. मुकादमाचा पडाव, आगरातली एकुलती एक होडी, फुटून चिखलात पालथा पडला. मुकादम म्हणाला, "नापास झालो. आता बसा सगळे पुन्हा पहिलीत."

त्या मिठागरात चोवीस घरं, आणि त्यातलं एक दोघा भावांचं. थोरला, धाकटा, त्यांच्या दोन बायका आणि धाकटीची सव्वा वर्षाची पोर. थोरलीची दोन पोरं केव्हाच पंख फुटून कामाच्या गावी उडून गेली होती, त्यामुळे धाकटीच्या पोरीवर हक्क निम्मा थोरलीचा, आणि रडली की पूर्ण धाकटीचा, अशी घरातली वाटणी होती. थोरली बोलण्यात पुढे. तिचं तोंड म्हणजे बांधातल्या उघाडीच्या दाराची फळी काढल्यासारखं, एकदा निघाली की सगळी खाडी आत, असं थोरला म्हणायचा. उघाडीचं दार उघडणं आणि बंद करणं हेच त्याचं जन्माचं काम, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला वजन होतं. उघाडी बंद करता येते, बायकोचं तसं काही नाही, हेही तोच म्हणायचा, पण ती ऐकत नसताना.

पोरीचं पाळण्यातलं नाव काहीही असो, सगळे तिला शिट्टी म्हणत. जन्मल्यापासून तिच्या छातीत बारीक शीळ वाजायची. हवा कोंदट झाली, वारा फिरला, मीठ उडालं, की शीळ चढायची. मग धाकटी तिला उचलून आगराच्या टोकाशी असलेल्या पत्र्याच्या खोलीत न्यायची. तिथे आठवड्यातले चार दिवस नर्सबाई मुक्कामाला असायची. नर्सबाई उंच, हाडकुळी, बोलायला खरखरीत. "आलं का माझं वाद्य?" म्हणायची आणि पोरीच्या तोंडावर वाफेच्या यंत्राची वाटी धरायची. यंत्र घरघरायचं, पोर आधी हातपाय झाडायची, मग वाफेत डोळे मिटायची, आणि अर्ध्या तासात शीळ उतरायची. धाकटी तेवढ्या वेळात नर्सबाईची खोली झाडून द्यायची. कोणी सांगितलं नव्हतं.

तर त्या पावसानंतर आठ दिवसांनी मोजणीवाली आली.

पंचवीस-सव्वीसची मुलगी, पायात पांढरे बूट. खाडीची फरशी ओलांडतानाच ते बूट करडे झाले होते. फरशी म्हणजे खाडीच्या तळाशी टाकलेली दगडी वाट. ओहोटीला वर येते, भरतीला दोन पुरुष पाण्याखाली जाते. मुलगी ओहोटीला आली होती, म्हणून पाय तेवढे चिखलात गेले. हातात काळी पाटी, पाटीवर बोटाने टिचक्या मारून लिहायची. घरातल्या बायका आणि मुलं यांना दवाखाना किती मिळतो, कसा मिळतो, हे मोजायचं, असं तिने सांगितलं.

थोरलीच्या ओसरीवर शेजारच्या चार बायका जमल्या. कुंड्यांतून नुकत्या वर आलेल्या, पोटऱ्यांपर्यंत मिठाचे पांढरे मोजे चढलेले. थोरलीने पाहुणीला चहा दिला आणि बसायला घरातला एकच धड पाट.

"मूल आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायचं हे कोण ठरवतं?"

"ठरवायला कशाला कोण पाहिजे? पोर आजारी पडली की दिसते."

"तसं नाही, मावशी. नवरा, सासू, की तुम्ही स्वतः?"

"ज्याचे हात मोकळे तो."

मुलगी हसली. "स्वतः लिहू?"

"लिहा. इथे सगळ्या कामाला स्वतःच लिहा."

बायका खिदळल्या. मुलीलाही बरं वाटलं, ती पाय पसरून बसली. नर्सबाई नीट बोलते का, औषधं मिळतात का, किती वेळ थांबावं लागतं, एकेक विचारत गेली. बायकांनी नर्सबाईची स्तुती अशी केली की ऐकून नर्सबाईलाच ठसका लागला असता. चांगलं बोललं की चांगलं होतं, हा त्यांचा हिशेब.

"आणि डॉक्टर असलेलं सर्वांत जवळचं केंद्र?"

"ते काय, पलीकडे." थोरलीने हनुवटीने दाखवलं. खाडीपलीकडे झाडीत केंद्राचं निळं छप्पर दिसत होतं.

"तिथे पोचायला किती वेळ लागतो?"

"पाव तास."

"पाव कसला," शेजारीण म्हणाली, "मी बारा मिनिटांत जाते."

तिसरीने दहा सांगितली. तिची चाल अख्ख्या आगराला माहीत होती, पण पाहुण्यांसमोर कोण बोलणार.

आगरातल्या माणसांचं असं होतं, की पलीकडचं अंतर सांगायचं ते ओहोटीचंच. भरतीचं कोणी सांगत नाही. भरती ही त्यांच्या लेखी वेळच नव्हे. त्या वेळात फरशी नाही, म्हणजे पलीकडचं गाव नाही, बाजार नाही, सोयरे नाहीत. भरतीत खाडीपलीकडे नातेवाईक नसतात, अशी म्हणच होती त्यांच्यात. बाहेरच्या बांधावरून वळसा घालून जाता येतं, तीन तास लागतात, पण ते फक्त मढं आणि वरात यांनाच, कारण दोघांनाही थांबता येत नाही. आणि आता तर बांधही खचलेला. हे सगळं इतकं सगळ्यांना ठाऊक, की सांगायचं असतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. त्यात आणखी एक बारीकशी गोष्ट होती, ती थोरलीने पुढे स्वतःशीच कबूल केली. पांढऱ्या बुटांच्या त्या मुलीला आपण जगाच्या टोकाला राहतो असं वाटायला नको होतं.

मुलीने पाटीवर टिचकी मारली. पंधरा. चोवीस घरं फिरली आणि पाणी चढायच्या आत फरशीवरून परत गेली. ओहोटीला आली, ओहोटीलाच गेली. खाडी तिने भरलेली पाहिलीच नाही.

महिन्याने एका सकाळी थोरली कुंडीतलं पाणी ढवळत होती. ढवळताना कमरेतून वळायचं असतं, हाताने नाही, नाहीतर संध्याकाळी खांदा उतरतो. पाणी पुन्हा जड व्हायला लागलं होतं. फळी ओढली की काठाशी साखरेसारखी कड धरत होती. बांधावरून धाकटी येताना दिसली. पोर कडेवर, चाल सावकाश. धाकटी तशी चालत नसे.

"ताई, नर्सबाई सामान बांधतायत."

दोघी गेल्या. खोलीत खाटेवर गाद्या गुंडाळलेल्या, यंत्र त्याच्या पेटीत. नर्सबाई पेटीचा खटका लावत होती, तो लागत नव्हता.

"वरून कागद आलाय," ती मागे न बघता म्हणाली. "खोली बंद. अर्ध्या तासाच्या आत डॉक्टरचं केंद्र असेल तिथे वेगळी खोली ठेवायची नाही. जिथे तीन-तीन तास चालावं लागतं तिथे ही द्यायची. तसं बघितलं तर बरोबरच आहे."

"पण इथे कुठे अर्धा तास?" थोरली म्हणाली.

नर्सबाईने खिशातून घडीचा कागद काढला. "चोवीस घरं. सरासरी चौदा मिनिटं. चौदा. मला वाटलं छापायला चुकले असतील. विचारलं, तर म्हणाले, लोकांनी स्वतः सांगितलंय."

थोरलीच्या पोटऱ्यांवरचं मीठ वाळून ताणत होतं, तिने एका पायाने दुसरा पाय घासला.

"मी चार दिवस मुक्काम का करते, हे मी तरी कधी लिहिलं?" नर्सबाई म्हणाली. "मुक्काम, सोयीसाठी. एवढंच लिहायची." मग खटका लागला. तिने शिट्टीला धाकटीच्या कडेवरूनच उघडी केली आणि छातीखाली बोट ठेवलं. "इथे बघायचं. दोघींनी बघा. श्वास घेताना इथे बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, की काम टाकायचं आणि निघायचं. बघू, करू, असं नाही. आणि दमून शांत झाली तर बरी झाली असं समजायचं नाही. कळलं?"

धाकटीने मान हलवली. पोरीने नर्सबाईच्या नाकाला हात घातला.

परत येताना बांधावर धाकटीने एकदाच विचारलं, "ताई, तुम्ही पाव तास म्हणालात?"

"सगळ्यांनीच सांगितलं."

"हो," धाकटी म्हणाली. ती भांडली असती तर थोरलीला चाललं असतं. भांडणात थोरली कोणाला हार जाणारी नव्हती.

दोन दिवसांनी थोरली केंद्रात गेली. आदल्या संध्याकाळी थोरला म्हणाला होता, "तू जाऊन काय करणार? पाण्याला तोंड आहे का सांगायला?" "पाण्याला नाही, मला आहे," ती म्हणाली. तिने धुतलेलं नेसलं, टाचांच्या भेगांना तेल लावलं. भेगांत मीठ असतंच, तेलाने ते आणखी झोंबतं, पण चालताना पांढरं दिसत नाही.

केंद्र स्वच्छ होतं. भिंतीला निळा रंग, बाकावर पोरं घेऊन बसलेल्या बाया. डॉक्टर एकच, त्याच्या दारापुढे रांग. खिडकीत कारकून बसला होता. माणूस वाईट नव्हता. त्याने यंत्रावर तिचं घर शोधून काढलं आणि पडदा तिच्याकडे वळवून दाखवला.

"हे बघा, तुमचंच. स्त्री, वय सेहेचाळीस, उत्तर पंधरा मिनिटं. तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"मग तेव्हा खोटं सांगितलंत का?"

"खोटं नाही. ओहोटीचं सांगितलं."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. कारकुनाने चष्मा वर केला. "मावशी, इथे दोन रकाने आहेत. एक पावसाळ्यातला वेळ, एक कोरड्या दिवसांतला. तुमची मोजणी कोरड्या दिवसांतली. त्यात पंधरा. ओहोटीचा रकाना नाही."

"मग पाडा की एक."

"तो माझ्या हातात नाही. पुढची मोजणी दोन वर्षांनी आहे, तेव्हा नीट सांगा."

"बरं. पाण्याला सांगते, दोन वर्षं थांब म्हणून."

कारकूनही हसला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्याने एक कोरा कागद काढला. "असं करू, तुमचा अर्ज घेतो. मोठे साहेब आज यायचेत, तासाभरात येतील. त्यांच्यासमोर सांगा. त्यांनी सही केली तर फेरतपासणी होते. बसा तुम्ही."

थोरली बसली. अर्ज कारकुनानेच लिहिला, तिने खाली अंगठा दिला. अंगठ्याची कातडी मिठाने इतकी गुळगुळीत झाली होती की ठशात रेघच उमटेना. कारकुनाने दोनदा शाई लावली आणि मग जाऊ द्या म्हणाला. समोर घड्याळ होतं, पण ती खिडकीतून खाडीकडे बघत होती. काठावरचं गवत अजून हललं नव्हतं. मग खालून हलायला लागलं. पाणी आधी गवताच्या मुळाशी येतं, माणसाला दिसतं ते नंतर. ती उठली, पुन्हा बसली. साहेबांची गाडी आली नाही. शेजारच्या बाईचं बाळ तिच्या गुडघ्यावर लाळ गाळत होतं. ती पुन्हा उठली.

"अहो, बसा की," कारकून म्हणाला. "येतीलच. आता गेलात तर राहील हं."

"पाणी चढलं."

"कुठलं पाणी?"

सांगत बसायला वेळ नव्हता. ती निघाली आणि चढणाऱ्या पाण्यातून गुडघाभर फरशी ओलांडून घरी आली. नेसलेलं मांडीपर्यंत चिंब. कारकुनाने कागदावर तिच्या अंगठ्याशेजारी लिहून ठेवलं, अर्जदार न थांबता निघून गेली. तेही खोटं नव्हतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस कामाने कोणाला मान वर करू दिली नाही. पाणी एकदाचं पिकलं. कुंड्यांवर साय धरली, साय जड होऊन खाली बसली, आणि पुनवेच्या दोन दिवस आधी पहिलं ओढायचं मीठ तयार झालं. बांध सांधायला मुकादमाने सगळे पुरुष बाहेर नेले. त्यात थोरला, धाकटा, आणि मुकादम स्वतः. तीन तासांवर. मीठ बायकांनी ओढायचं. पुन्हा ढग दिसले होते, पश्चिमेला, पातळ, धुतलेल्या चिंधीसारखे. बायका कामातून वर बघायच्या आणि पुन्हा वाकायच्या.

पुनवेच्या दिवशी सकाळी शिट्टीला शीळ होती. नेहमीची, बारीक. पोर खेळत होती. बांधावर बसून तिने मीठ तोंडात घातलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा घातलं. सात वाजता फरशी उघडी होती. धाकटीने फळी टेकवून विचारलं, "ताई, नेऊन आणू का हिला?"

थोरलीने पोरीचं झबलं वर करून बघितलं. बरगड्यांखाली काही नव्हतं. तिने ढगाकडे बघितलं, मग कुंडीकडे. कुंडीत गुडघ्याएवढी रास जमली होती आणि अजून दोन कुंड्या ओढायच्या होत्या.

"एवढ्या दोन कुंड्या होऊ दे. दोघी मिळून जाऊ, दुपारच्या ओहोटीला."

धाकटीने फळी उचलली. थोरलीने ठरवलं, की धाकटीपुरतं ठरलंच. त्या घरात असंच चालायचं.

मीठ ओढताना आवाज होतो, खरवडल्यासारखा, दात शिवशिवतात. टोपली भरली की डोक्यावरच्या चुंबळीवर घ्यायची, बांध चढायचा, राशीवर ओतायची, उतरायचं. पाणी मानेवरून पाठीत गळतं आणि पाठीची आग होते. अकरा वाजता खाडी पूर्ण भरली, पुनवेचं उधाण, काठाच्या वर थपथपत होती. त्याच सुमाराला वारा पडला. हवा अंगाला चिकटली. थोरली टोपली रिकामी करून उतरत होती तेव्हा तिला जाणवलं, की मघापासून पोरीचा आवाज नाही.

शिट्टी चुंबळीच्या कापडावर बसली होती, दोन्ही हात पुढे टेकून, बेडकासारखी. तोंड उघडं. शीळ नव्हती. त्याऐवजी आत काहीतरी फाटल्यासारखं वाजत होतं. थोरलीने झबलं वर केलं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता, अंगठा मावेल एवढा.

"अगं ये," तिने हाक मारली. धाकटीने टोपली तिथेच सोडली.

पाणी तापवून वाफ दिली, कांबळ्याखाली धरून. शेजारणीने छातीला तेल चोळलं. पोरीला त्यातलं काही नको होतं, तिला फक्त पुढे वाकून बसू द्यायला हवं होतं. थोरलीने घरातला फोन घेतला आणि बांधाच्या उंचवट्यावर पळत गेली, कारण घरात त्याला आवाज नसे. केंद्राच्या गाडीचा नंबर खोलीच्या दारावर रंगवलेला होता, तो तिला पाठ होता. त्या दारावर आता कुलूप होतं.

"कुठून बोलताय?" पलीकडे बाईचा आवाज. थोरलीने आगर सांगितलं.

"हो, दिसतंय. तुम्ही केंद्रापासून पंधरा मिनिटांवर आहात. मुलाचं वय?"

"सव्वा वर्ष. मुलगी. श्वास घेता येत नाहीये. ऐका, मधे पाणी आहे."

"पाणी पाजू नका. गाडी निघाली आहे."

"पाजायचं नाही हो. खाडी भरलीय. इकडे येता येणार नाही."

"गाडी निघाली आहे, ताई. धीर धरा."

गाडी खरंच निघाली. थोरली, धाकटी आणि पोर काठावर पोचतात न पोचतात तोच ती पलीकडच्या काठाला येऊन उभी राहिली. पांढरी, वर निळा दिवा फिरणारा. सहा मिनिटं लागली असतील. चालक उतरला, ठेंगणा, पोट सुटलेला माणूस. त्याने पाण्याकडे बघितलं, मग पाण्यापलीकडे उभ्या तीन जिवांकडे, मग डोक्याला हात लावला. थोरलीचा फोन वाजला.

"मी पोचलोय," चालक म्हणाला. एवढ्या जवळून फोनवर बोलणं विचित्र वाटत होतं, त्याचे ओठ हललेले दिसायचे आणि आवाज मागून यायचा. "तुम्ही इकडे कशा येणार?"

"तेच मघाशी सांगत होते."

"बांधावरून गाडी आणू?"

"बांध खचलाय."

"होडी?"

"फुटली."

चालकाने मागे वळून केंद्राच्या दिशेने बघितलं. "डॉक्टरांना आणलं असतं, पण ते एकटेच आहेत, चाळीस माणसं बसलीयत. आणि आणून तरी काय. पाणी कधी उतरेल?"

"कमरेला यायला अडीच वाजतील." त्या वेळी बारा वाजायला आले होते.

"थांबतो," तो म्हणाला. "दुसरा फोन आला तर जावं लागेल. आला नाही तर थांबतो." मग तो गाडीच्या सावलीत पाण्याच्या कडेला बसला. त्याने दिवा बंद केला नाही.

धाकटी उकिडवी बसली, पोर मांडीवर, पुढे झुकवलेली. थोरलीने आपलं फडकं ओलं करून दोघींवर धरलं आणि हात भरून आले तरी धरून राहिली. एकदा धाकटी म्हणाली, "सकाळी खेळत होती." ते थोरलीलाच म्हटलेलं होतं का नव्हतं, ते तिला समजेना. शेजारच्या बायका मागे उभ्या होत्या. ज्या बाईने दहा मिनिटं सांगितली होती ती सर्वांत मागे होती आणि रडत होती.

एक वाजता पाणी काठावरून खाली सरकलं. गवताच्या देठांवर ओली रेघ राहिली. दीड वाजता पोरीच्या ओठांचा रंग पाटीसारखा झाला. दोनला तिचे हात टेकायचे थांबले, ती आईच्या छातीवर मागे रेलली, डोळे अर्धे मिटले आणि श्वास हळू झाला.

"झोपली," धाकटी कुजबुजली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं काही सैल झालं. "ताई, बघा, कमी होतंय. झोपली."

थोरलीने पोरीच्या बरगड्यांखाली बघितलं. खड्डा उथळ झाला होता. नर्सबाईने काय सांगितलं होतं ते दोघींनी ऐकलं होतं, थोरलीला ते आत्ता आठवलं, पण धाकटीला आठवायचं नव्हतं. थोरली उठली. तिने नेसलेलं वर खोचलं.

"दे तिला इकडे."

"अजून छातीभर आहे, ताई."

"माझ्या छातीभर. तिच्या नाही."

तिने पोरीला डोक्यावर घेतलं, टोपली घेतात तशी, दोन्ही हातांनी. तीस वर्षं त्या डोक्याने मीठ वाहिलं होतं, त्यातली कुठलीच टोपली इतकी हलकी नव्हती. फरशी दिसत नव्हती, पायाने शोधायची. उतरतं पाणी बाजूला ओढत होतं. धाकटी मागून तिची कंबर धरून आली. पाणी पोटाला लागलं, छातीला लागलं, हनुवटीखाली आलं. पलीकडे चालकाने विजार काढून गाडीच्या आरशाला अडकवली आणि चड्डीवर पाण्यात उतरला. मध्यावर तिघं भेटली. त्याने हात वर केले आणि पोर घेतली. तोंडाजवळ कान नेला.

"आहे?" धाकटीने विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "चला."

धाकटी त्याच्यामागे गेली. थोरलीला पाऊल टाकता येईना. उजवा पाय दगडांच्या फटीत रुतला होता आणि ती तो सोडवत असताना ती दोघं काठावर चढली. चालकाने विजार घातली नाही, तशीच आरशाला फडफडत ठेवून गाडी वळवली. भोंगा वाजला. झाडीत निळा दिवा दिसला, मग दिसला नाही.

बऱ्याच वेळाने पाय निघाला तेव्हा कातडी गेली होती. पाणी कमरेला आलं होतं. ती फरशीवर उभी राहिली, पलीकडे जायला निघाली, आणि फोन वाजला. भिजू नये म्हणून तिने तो अंबाड्यात खोचला होता. तिने घाईने काढून कानाला लावला.

"नमस्कार," एक बाई गोड आवाजात म्हणाली. "आपली रुग्णवाहिका सहा मिनिटांत आपल्यापर्यंत पोहोचली. आपण या सेवेबद्दल समाधानी असाल, तर एक दाबा. समाधानी नसाल, तर दोन दाबा."

"पोर पोचली का आमची?" थोरलीने विचारलं.

"समाधानी असाल, तर एक दाबा."

"पोचली का ती? आत घेतलं का? नुसतं तेवढं सांगा."

बाई पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. थोरलीने एकही दाबलं नाही, दोनही दाबलं नाही. फोन बंद करायचा तिचा धीर होईना. ती बाई केंद्रातूनच बोलत असणार, तिच्या पाठीमागे खाट असणार. असं सांगता सांगता कधीतरी ती मागे वळून बघेल आणि दोन शब्द स्वतःचे बोलेल. थोरली फोन कानाशी धरून चालायला लागली. पाणी मांडीला, मग गुडघ्याला आलं. पुढे दगड उघडे पडत होते, शेवाळलेले, चकाकणारे.

काठ पाच-पन्नास पावलांवर राहिला तेव्हा झाडीतून गाडी परत आली. सावकाश येत होती, खड्डे चुकवत. आरशाला आता काही अडकवलेलं नव्हतं. वरचा दिवा बंद होता.

थोरली दगडावर थांबली. कानात बाई विचारत होती.